दहा इंची चाकाचा कारागीर

महाडच्या अलीकडे, वीरला, मुंबई-गोवा महामार्गालगत माझे टायरचे दुकान आहे. शनिवारी दुपारनंतर मुंबईकडची तरुण मंडळी पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर गाठायच्या बेतात असतात. हवा तपासून घेण्यासाठी ती दुकानापाशी थांबतात आणि दर दोघांतला एक जण तोच प्रश्न विचारतो. मोठी अलॉय व्हील घातली, टायर रुंद घेतले, तर गाडी वळणावर रस्ता जास्त धरेल ना? रेसच्या गाड्यांची चित्रे पाहून हा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मला तर दर वेळी एका माणसाचे सगळे आयुष्यच आठवते. जगातले सगळे मोटार कारखानदार मोठ्या चाकाच्या बाजूने असताना हा गृहस्थ चाक लहान करा म्हणून हटून बसला होता आणि त्याच्या त्या इवल्या चाकांच्या गाडीने मोठमोठ्या गाड्यांना घाटात धूळ चारली. अलेक इसिगोनिस त्याचे नाव. मॉरिस मायनर आणि मिनी या दोन मोटारींचा हा जनक.

इसिगोनिसचा जन्म १८ नोव्हेंबर १९०६ चा, स्मर्नाचा. आज तुर्कस्तानात ज्याला इझमिर म्हणतात तेच हे बंदर. वडील ग्रीक वंशाचे, पण ब्रिटिश नागरिक. जहाजांच्या यंत्रकामाचा त्यांचा कारखाना होता. आई हुल्डा जर्मन घराण्यातली. कारखान्याच्या आवारात यंत्रे पाहत वाढलेल्या या मुलाचे बालपण सुखाचे होते. पण पहिल्या महायुद्धाने घराची घडी विस्कटली आणि १९२२ साली ग्रीक-तुर्की युद्धाच्या अखेरीस स्मर्ना पेटले, तेव्हा उरलेसुरलेही गेले. ब्रिटिश आरमाराने आपल्या नागरिकांना जहाजांवर घालून माल्टाला नेले. वडिलांनी त्यानंतर लवकरच डोळे मिटले. १९२३ साली मायलेक इंग्लंडला पोहोचले, तेव्हा जवळ फारसे काही नव्हते.

लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये त्याने इंजिनिअरिंगचे शिक्षण घेतले. चित्रकला उत्तम, गणितात मात्र तीनदा नापास. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही गणिताबद्दलची त्याची अढी गेली नाही. पेन्सिल हातात घ्यायची, सापडेल त्या कागदावर, नाहीच तर हॉटेलातल्या टेबलक्लॉथवर गाडीचा सांगाडा काढायचा आणि आकडेमोड दुसऱ्यांवर सोडायची, अशी त्याची रीत. आजच्या पालकांनी हे मुलांना वाचून दाखवावे की नाही, हे त्यांनीच ठरवावे!

त्या काळी इंग्लंडमध्ये हौशी लोकांच्या चढणीच्या शर्यती होत. शेल्सली वॉल्श, प्रेस्कॉट ही त्यासाठी नावाजलेली ठिकाणे. छोटासा वळणावळणाचा घाट, एकेका गाडीने सुटायचे आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. ऑस्टिन सेव्हन या चिमुकल्या गाडीतून इसिगोनिस या शर्यतींत उतरू लागला. इंजिन छोटे असेल तर जिंकायचे कसे? गाडी हलकी करून आणि वळणावर वेग न सोडता. जॉर्ज डाउसन नावाच्या मित्राला जोडीला घेऊन त्याने घरच्या गॅरेजमध्ये, बहुतेक हातहत्यारांनीच, स्वतःची रेसिंग कार बांधायला घेतली. नाव ‘लाइटवेट स्पेशल’. प्लायवुड आणि ॲल्युमिनियम यांचा सांगाडा, वजन तीनशे किलोच्या आत, इंजिन ऑस्टिन सेव्हनच्या जातीचे आणि पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबर. सुट्टीच्या दिवसांतले हे काम काही वर्षे चालले आणि महायुद्ध तोंडावर आले तेव्हा कुठे गाडी तयार झाली. पण रस्ता धरणे म्हणजे काय, हे तो त्या गॅरेजात शिकला.

ते काय शिकला, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. गाडी रस्ता धरते ती टायरच्या चार तळव्यांवर. प्रत्येक तळवा आपल्या पंजापेक्षा फारसा मोठा नसतो. हा तळवा जितका वेळ जमिनीला टेकून राहील तितकी पकड. खाचखळग्यावरून चाक उसळले की त्याला पुन्हा खाली दाबायचे काम स्प्रिंगचे. आणि चाक, टायर, ब्रेक असा सगळा ऐवज जड असेल तर स्प्रिंगला ते झेपत नाही. चाक हवेत, पकड शून्य. म्हणून चाकापाशी वाचवलेला एक किलो हा सीटखाली वाचवलेल्या किलोपेक्षा मोलाचा. मोठे चाक दिसते छान, पण बहुधा जड असते. ही एक गोष्ट कळली तरी आमच्या धंद्यातले निम्मे वाद मिटतील.

१९३६ साली तो ऑक्सफर्डजवळ काउली इथल्या मॉरिस मोटर्समध्ये लागला. युद्ध चालू असतानाच नव्या छोट्या गाडीचे काम त्याच्याकडे आले. तीच मॉरिस मायनर. बहुतेक छोट्या गाड्यांची चाके तेव्हा १६-१७ इंचांची असत. इसिगोनिसने १४ इंच मागितले आणि डनलॉपने त्या मापाचे टायर बनवून दिले. चाक लहान झाल्याने गाडी खाली बसली, मडगार्डांनी आतली जागा कमी खाल्ली. इंजिन त्याने पुढच्या चाकांच्याही पुढे सरकवले, म्हणजे भार पुढे राहून गाडी सरळ रेषेत ठाम चालावी. स्टिअरिंग रॅक अँड पिनियनचे, पुढे टॉर्शन बार. सगळे तयार झाल्यावर याला वाटले, गाडी अरुंद दिसते. त्याने नमुन्याची गाडी उभी मधोमध कापायला लावली, दोन तुकडे हळूहळू दूर सरकवत राहिला आणि चार इंचांवर थांबला. बंपर आधीच बनून आले होते, म्हणून पहिल्या मायनरच्या बंपरांत मधोमध चार इंचांचे ठिगळ दिसते. मालक लॉर्ड नफील्ड यांना गाडी मुळीच पसंत पडली नाही. तिचा आकार त्यांना पाण्यात शिजवलेल्या अंड्यासारखा वाटला. १९४८ च्या ऑक्टोबरात ती लंडनच्या प्रदर्शनात आली आणि पुढे दहा लाखांचा पल्ला गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली.

आपल्याशी त्याचा संबंध इथेच येतो. त्याच वर्षी आलेल्या मॉरिस ऑक्सफर्डची मांडणीही त्याच्याच हाताखाली झाली होती. ती आपल्याकडे हिंदुस्तान-१४ म्हणून आली आणि तिच्या वंशातल्या पुढच्या ऑक्सफर्डवरून ॲम्बॅसडर झाली. २०१४ साली बंद पडेपर्यंत बंगालच्या उत्तरपाड्यात ॲम्बॅसडर बनत होती. कशेडी घाटात माणसांनी खच्चून भरलेली ॲम्बॅसडर ज्यांनी चालवली आहे, त्यांना या गृहस्थाच्या हाताची थोडीफार ओळख आहेच.

मधली काही वर्षे त्याने अल्विस कंपनीत एका मोठ्या गाडीवर खर्ची घातली. ती गाडी बाजारात आलीच नाही. १९५५ च्या अखेरीस लेनर्ड लॉर्ड यांनी त्याला परत बोलावले. तोवर मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली होती. १९५६ साली सुएझचे प्रकरण पेटले, इंग्लंडात पेट्रोलचे रेशनिंग आले आणि रस्त्यांवर तीनचाकी, बुडबुड्यासारख्या जर्मन गाड्या दिसू लागल्या. लॉर्डना त्यांचा भयंकर तिटकारा. १९५७ च्या मार्चमध्ये त्यांनी इसिगोनिसला सांगितले, खरीखुरी छोटी मोटार बनव. अट एकच, इंजिन आपल्याकडे आहे तेच वापरायचे.

दहा फूट लांबी, आत चार माणसे आणि त्यांचे सामान. बहुतेक जागा माणसांना हवी तर यंत्राला आक्रसायला हवे. इंजिन त्याने आडवे बसवले, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली तेलाच्या टाकीतच घातली, रेडिएटर बाजूला नेला आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. तरी चाकांच्या कमानी आत घुसतच होत्या. मग त्याने डनलॉपच्या माणसांसमोर दोन्ही तळवे धरून एवढेसे चाक हवे म्हणून दाखवले आणि पट्टीने मोजल्यावर ते अंतर दहा इंच भरले, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, माप मात्र दहा इंचच ठरले, आणि टायर ५.२० गुणिले १०.

डनलॉपपुढचे संकट खरे होते. एवढे चाक मोठ्या चाकापेक्षा दर किलोमीटरला शंभरएक फेरे जास्त मारते, म्हणजे जास्त तापते, जास्त झिजते. त्यासाठी टायर नव्याने घडवावा लागला. शिवाय दहा इंची रिमच्या आत ब्रेकचा ड्रम मावणार तो किती! सुरुवातीच्या मिनीचे ब्रेक यथातथाच होते. स्प्रिंगांनाही जागा नव्हती. तिथे ॲलेक्स मोल्टन हा रबराचा जाणकार मित्र धावून आला आणि लाइटवेट स्पेशलमधले रबर नव्या रूपात परतले. रबराचा गुण असा, की भार वाढेल तसे ते जास्त ताठ होते. रिकामी गाडी आणि चार माणसे बसलेली गाडी यांत वजनाचा मोठा फरक पडणाऱ्या छोट्या मोटारीला हे फार उपयोगी.

२६ ऑगस्ट १९५९ ला मिनी बाजारात आली. पहिल्या गाड्यांत पावसाचे पाणी तळातून आत शिरे आणि पायाखालचे गालिचे भिजत. कोकणात असती तर जूनमध्येच परत गेली असती! पण चालवणाऱ्यांना एक नवल जाणवले. वळणावर ही गाडी कलत नाही, सरकत नाही, रुळावर असल्यासारखी फिरते. चाके अगदी चार कोपऱ्यांत, वजन खाली, चाक हलके, पुढची चाके ओढणारी. इसिगोनिसने हे सगळे जागा वाचवण्यासाठी केले होते; पकड त्याच हिशेबातून पदरात पडली. नुसत्या लहान चाकाला त्याचे श्रेय देणारे लोक आहेत, तेही मला पटत नाही. जुन्या मांडणीच्या गाडीला दहा इंची चाके लावली असती तर ती फक्त खड्ड्यांत अडकली असती.

हाच मुद्दा मी दुकानात आकड्यांनी सांगतो. स्विफ्टसारख्या गाडीला कंपनीनेच दोन मापे दिली आहेत : १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा, रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला तर पहिल्याचा एकूण व्यास ६२० मिलिमीटर येतो, दुसऱ्याचा ६२१. रिम इंचभर मोठी झाली, पण भिंत १३२ वरून १२० मिलिमीटरवर आली, म्हणून चाक बाहेरून तेवढेच राहिले. भिंत बुटकी झाली की वळणावर ती कमी लचकते आणि स्टिअरिंगला गाडी चटकन उत्तर देते. इथवर फायदा आहे. पण याच गाडीला कोणी २०५/६५ आर १५ बसवले तर व्यास ६४७ च्या वर जातो. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३-८४ ने धावत असते, घाटात इंजिन दमते आणि पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो. उलट १७ इंची रिमवर २०५/४५ घेतला तर व्यास जमतो, पण भिंत उरते ९२ मिलिमीटर. खड्ड्यात आपटल्यावर धक्का झेलायला रबरच नाही, रिम वाकते. या महामार्गाच्या चौपदरीकरणाची वर्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको. आणि पाऊस! रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, अरुंद टायर पाणी कापत जातो. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने पाण्यातूनच गाडी चालवायची असते, तिथे ही बाब जिवावरची आहे.

मिनीला शर्यतीची गाडी करण्याचे काम जॉन कूपर या रेसिंग कारच्या कारखानदाराने केले. तो इसिगोनिसचा मित्र. इसिगोनिसला आधी ही कल्पना रुचली नव्हती. त्याच्या मते ही साध्या माणसाची गाडी होती. तरी १९६१ साली मिनी कूपर निघाली. कूपरने काय बदलले आणि काय बदलले नाही, ते पाहण्यासारखे आहे. इंजिन वाढवले, दहा इंची चाकात मावतील असे सात इंची डिस्क ब्रेक बसवले. चाकाचा व्यास मात्र तोच. पुढच्या कूपर एसला साडेतीन इंच रुंदीच्या रिमऐवजी साडेचार इंची रिमचा पर्याय आणि रेडियल टायर मिळाले, एवढेच. १९६४ साली बर्फाळ घाटांतली मॉन्टे कार्लो रॅली पॅडी हॉपकर्कने या गाडीतून जिंकली. १९६५ ला टिमो मॅकिनेन, १९६७ ला राउनो आल्टोनेन. १९६६ मध्येही मिनी पहिल्या तीन क्रमांकांवर होत्या, पण हेडलाइटच्या नियमावर बोट ठेवून त्यांना बाद करण्यात आले. त्यावरून जो गदारोळ झाला, त्याने मिनीची कीर्ती विजयापेक्षाही जास्त पसरली.

माणूस हट्टी होता. गाडीत रेडिओ नको, फार आरामशीर सीट नको, कारण ड्रायव्हर सावध राहिला पाहिजे, अशी त्याची मते. लग्न केले नाही. आई १९७२ पर्यंत त्याच्याबरोबर राहिली. त्याची ११०० इंग्लंडात तुफान खपली, पण त्यानंतरच्या मोठ्या गाड्यांत तोच हट्ट अंगाशी आला. लोकांना रूप हवे होते, हा जागेचा हिशेब मांडत राहिला. कंपनीला मिनीतून नफाही जेमतेम मिळे. १९६८ ला ब्रिटिश लेलँड झाली, नव्या साहेबांनी त्याला बाजूला सारले. १९६९ ला सर किताब मिळाला, १९७१ ला निवृत्ती. निरोपाच्या वेळी त्याला मेकॅनोचा सर्वांत मोठा संच भेट मिळाला. २ ऑक्टोबर १९८८ रोजी बर्मिंगहॅममध्ये तो गेला.

त्याची मांडणी मात्र घराघरांत पोहोचली. आपली मारुती ८००, आडवे इंजिन आणि पुढची चाके ओढणारी, हे त्याच वळणाचे. फक्त गिअरबॉक्स इंजिनाखाली न ठेवता शेजारी, जी सुधारणा इटलीच्या दान्ते जियाकोसाने केली. आपली पद्मिनी ज्या फियाटवरून आली, ती घडवणाराही हाच. खुद्द मिनीला १९८४ साली मोठ्या डिस्क ब्रेकसाठी बारा इंची चाके मिळाली आणि १९९० नंतरच्या दशकात हौशी गिऱ्हाइकांसाठी तेरा इंची रुंद चाके. ती दिसायला झोकदार, पण जुन्या दहा इंचीची चपळाई तिच्यात उरली नाही, असे जाणकार म्हणतात आणि मला ते पटते. ऑक्टोबर २००० मध्ये शेवटची मिनी बाहेर पडली, तोवर त्रेपन्न लाखांहून अधिक झाल्या होत्या. त्याआधीच, १९९४ साली, कंपनी बीएमडब्ल्यूने घेतली होती आणि तेव्हाचे बीएमडब्ल्यूचे प्रमुख बर्न्ड पिशेट्सरीडर हे इसिगोनिसच्या आईकडून नात्यातले निघाले. २००१ ला त्यांच्या कंपनीची नवी मिनी आली. तिचे लहानात लहान चाक पंधरा इंचांचे होते.