बर्थाबाई बेंझ

मोटारगाडीचे जनक म्हणून कार्ल बेंझ यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती गाडी लांबच्या रस्त्यावर प्रथम नेणारी, आणि वाटेंत अडली असतां पुन्हां चालती करणारी त्यांची पत्नी बर्थाबाई, हिचें चरित्रही तितकेंच बोधप्रद आहे.

जर्मनींतील फॉर्ट्सहाइम गांवीं ता. ३ मे १८४९ रोजीं बर्थाबाईंचा जन्म झाला. पुन्हां मुलगीच झाली, अशी हळहळ वडिलांनीं घरच्या बायबलांत नोंदविली होती असें सांगतात. विवाहापूर्वींच त्यांनीं हुंड्याची रक्कम कार्ल यांच्या कारखान्यांत घातली. १८७२ सालीं विवाह झाला व १८८६ सालीं गाडीचें पेटंट मिळालें. तथापि घोड्यावांचून चालणाऱ्या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना, गिऱ्हाईक येईना. घरचें सर्व द्रव्य त्यांत गुंतलेलें होतें.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत बर्थाबाई पतीस न कळवितां युजेन व रिचर्ड या दोन मुलांसह मानहाइमहून माहेरीं निघाल्या. अंतर सुमारें ६५ मैल, रस्ता घोडागाड्यांचा, मोटार दुरुस्त करणारा कारागीर वाटेंत कोठेंच नव्हता. इंधन संपत आलें तेव्हां वीसलोख येथील औषधविक्याकडून लिग्रोइन घेतलें. यंत्र थंड राखण्यासाठीं वारंवार पाणी भरावें लागे. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. विजेच्या तारेचें आवरण झिजलें, तेथें मोज्याचा बंद गुंडाळला. साखळीचें काम ब्रुखझालच्या लोहारानें करून दिलें. चढ आला कीं मुलें उतरून गाडी ढकलीत. उतारावर मात्र संकट निराळें होतें. लांकडी ब्रेक झिजून गेले होते, आणि ते सुटते तर तिघांच्याही जिवावर बेततें. तेव्हां बाउश्लॉट गांवीं चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. सायंकाळीं माहेरीं पोहोंचतांच त्यांनीं पतीस तारेनें खुशाली कळविली.

कांहीं दिवसांनीं त्या त्याच गाडींतून परतल्या. चढासाठीं गाडीस आणखी एक गिअर हवा, ही त्यांची सूचना कार्ल यांनीं अमलांत आणली. या प्रवासाची वार्ता पसरली व गाडीकडे लोकांचें लक्ष वळलें. कार्ल १९२९ सालीं वारले. बर्थाबाईंनीं ता. ५ मे १९४४ रोजीं लाडेनबुर्ग येथें देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, आज गाडी अडली तर ती रस्त्याच्या कडेस घ्यावी, धोक्याचे दिवे लावावे, मागें लाल त्रिकोण ठेवावा व दूरध्वनीनें साहाय्य मागवावें, हें सर्वांस सांगितलें जातें. बर्थाबाईंजवळ यांपैकीं एकही साधन नव्हतें. परंतु आपल्या हातून होईल तें त्यांनीं स्वतः केलें; जें होण्यासारखें नव्हतें, त्यासाठीं लोहार व चांभार यांच्या दारीं जाण्यास संकोच मानिला नाहीं; ब्रेक झिजले असतां तशीच गाडी पुढें दामटली नाहीं; आणि पोहोंचल्यावर घरीं कळविण्यास विसरल्या नाहींत. साधनें बदललीं तरी हा क्रम आजही तोच आहे. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकानें तो ध्यानांत ठेवावा.