टॉल्किन आणि त्याची दोस्तमंडळी

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही सिनेमे सलग एका बैठकीत संपवणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत! फ्रोडो, गँडाल्फ, गोलम... सगळे तोंडपाठ. पण ज्याच्या डोक्यातून ही दुनिया निघाली, त्या जे. आर. आर. टॉल्किनबद्दल विचारलं तर बरेच जण गप्प होतात. एवढं अफाट लिहिणारा माणूस दार लावून एकटाच बसत असेल असं वाटतं ना? पण हा माणूस आयुष्यभर आपलं लिखाण दोस्तांना वाचून दाखवत आला.

टॉल्किनचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. तो चार वर्षांचा असताना वडील वारले आणि बाराव्या वर्षी आईही गेली. एका धर्मगुरूंनी त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला सांभाळलं. हक्काचं घर उरलं नव्हतं, पण बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स स्कूलमध्ये जिवाभावाचे दोस्त भेटले. ख्रिस्तोफर वाइझमन, रॉब गिल्सन आणि जरा नंतर आलेला जेफ्री स्मिथ. १९११ मध्ये ही गँग शाळेच्या लायब्ररीत चक्क चोरून चहा करायची! नंतर अड्डा हलला बॅरोज स्टोअर्स नावाच्या दुकानाच्या टी-रूममध्ये, म्हणून ग्रुपचं नाव पडलं 'टी क्लब अँड बॅरोव्हियन सोसायटी', म्हणजेच टी.सी.बी.एस.

पुढे टॉल्किन आणि स्मिथ ऑक्सफर्डला गेले, बाकीचे दोघे केंब्रिजला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं. त्याच डिसेंबरमध्ये चौघे लंडनला वाइझमनच्या घरी जमले आणि मनसोक्त बोलले. आपण कवी व्हायचं, हे टॉल्किनने या भेटीनंतर मनाशी पक्कं केलं. मग त्याच्या कवितांचे कागद पोस्टाने दोस्तांमध्ये फिरू लागले. आवडलेलं ते भरभरून सांगायचे आणि खटकलेलंही स्पष्ट कळवायचे.

१९१६ उजाडलं तेव्हा चौघेही सैन्यात होते. स्मिथ फ्रान्समधल्या खंदकात बसून टॉल्किनच्या कविता वाचत होता. फेब्रुवारीतल्या एका रात्री गस्तीवर निघण्याआधी त्याने टॉल्किनला पत्र लिहिलं. कविता छापायला दे, आणि मी मेलो तर मला जे सांगायचं होतं ते तू सांग, असा त्या पत्राचा आशय होता. १ जुलैला, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, गिल्सन मारला गेला. ३ डिसेंबरला तोफगोळ्याच्या जखमांनी स्मिथही गेला. टॉल्किन ट्रेंच फीव्हरने आजारी पडून इंग्लंडला परतला होता. तेव्हा त्याचं वय होतं फक्त २४!

त्याने दोस्ताचा शब्द राखला. १९१८ मध्ये स्मिथच्या कवितांचा संग्रह निघाला आणि त्याला टॉल्किनने छोटी प्रस्तावना लिहिली. युद्धावरून परतल्यावर त्याने स्वतःच्या काल्पनिक जगाच्या कथाही लिहायला घेतल्या. त्यातली गोंडोलिन शहराच्या पाडावाची गोष्ट त्याने १९२० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजमधल्या मुलांच्या एसे क्लबमध्ये वाचून दाखवली.

१९२५ मध्ये टॉल्किन ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला. पुढच्याच वर्षी तिथे त्याची ओळख झाली सी. एस. लुईसशी. १९२९ च्या शेवटी टॉल्किनने धीर करून आपली एक अपुरी दीर्घ कविता लुईसला वाचायला दिली. लुईसला ती प्रचंड आवडली. पण तो नुसतं छान छान म्हणून थांबला नाही. त्याने त्या कवितेची अगदी बारीक चिरफाड केली, आणि तीही कशी? जणू हे एखादं पुरातन हस्तलिखित आहे आणि काल्पनिक पंडित त्यातल्या ओळींवरून भांडताहेत! टॉल्किनने बऱ्याच ओळी बदलल्या. जे पटलं नाही ते तसंच ठेवलं.

यातूनच पुढे 'इंकलिंग्ज' हा ग्रुप जमला. दर गुरुवारी रात्री मॉडलिन कॉलेजमधल्या लुईसच्या खोलीवर मंडळी जमायची. चहा व्हायचा, कोणीतरी खिशातून कागद काढायचा, वाचन सुरू आणि मग चर्चा! १९३७ मध्ये 'हॉबिट' प्रसिद्ध झालं. त्याच डिसेंबरमध्ये पुढचा भाग लिहायला घेतला, तो पूर्ण व्हायला १९४९ उजाडलं. तब्बल १२ वर्षं! मध्ये लिखाण अडलं की लुईस मागे लागायचा. १९४४ मध्ये असंच महिनोन् महिने थांबलेलं काम लुईसच्या तगाद्यामुळे पुन्हा सुरू झालं.

सगळेच काही कौतुक करणारे नव्हते. ह्युगो डायसन या मेंबरला ती गोष्ट इतकी नकोशी व्हायची की तो आला की टॉल्किनला वाचन बंद करावं लागायचं! आणि खुद्द टॉल्किनला लुईसच्या नार्नियाच्या गोष्टी आवडल्या नाहीत. तरी लुईसने सातही पुस्तकं पूर्ण केली. म्हणजे मित्राचं मत ऐकायचं, पण शेवटचा निर्णय आपलाच.

१९५४-५५ मध्ये 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तीन भागांत छापून आलं. लुईस १९६३ मध्ये गेला आणि टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ ला. स्मिथ मात्र बाविसाव्या वर्षीच गेला होता, आपल्या दोस्ताचं एकही पुस्तक छापलेलं न बघता. पण त्या कवितांवर त्याचा तेव्हापासूनच विश्वास होता.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण जर्नलच्या मागच्या पानावर कविता लिहितात आणि कोणी आलं की पटकन वही मिटतात. कोण हसेल, कोण काय म्हणेल ही भीती! सगळ्या वर्गासमोर वाचा असं कोण म्हणतंय? चहाच्या टेबलावर एक वाइझमन, एक स्मिथ मिळाला तरी पुरे. आणि उद्या कोणी मित्राने बिचकत आपल्यासमोर कागद धरला, तर निदान नीट वाचून खरं काय वाटलं ते सांगू या. एवढं तर आपण करूच शकतो ना?