बेन होगन

गोल्फचा चेंडू जमिनीवर स्थिर असतो. तो कोणी फेकीत नाही व अडवीतही नाही. त्यामुळे हा खेळ सोपा असावा, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु फटका मारताना मनगट थोडे अधिक वळले, तरी चेंडू भलतीकडेच जातो. याच दोषाशी अमेरिकेचे विख्यात गोल्फपटू बेन होगन यांना सुमारे पंधरा वर्षे झुंजावे लागले.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजी टेक्सस राज्यात झाला. वडील लोहारकाम करीत. बेन नऊ वर्षांचे असतानाच पितृछत्र हरपले. घरखर्चास हातभार लागावा म्हणून ते फोर्ट वर्थ शहरात वर्तमानपत्रे विकू लागले. पुढे गोल्फच्या मैदानावर खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहण्याचे काम मिळाले. तेथेच ते खेळ शिकले. १९३० साली त्यांनी खेळ हाच व्यवसाय पत्करला.

पण त्यांच्या फटक्यात एक खोड होती. चेंडू वेगाने निघे आणि एकाएकी डावीकडे वळून झाडीत शिरे. पोट बक्षिसांवर अवलंबून. पैसे संपले की हात हलवीत परतावे लागे. एकट्याच्या बळावर पहिली स्पर्धा जिंकण्यास १९४० साल उजाडले. तरीही ती खोड ऐन वेळी डोके वर काढीच.

होगन यांनी तिचे मूळ शोधले. फटक्याच्या क्षणी त्यांचे हात अधिक उलटत व काठीचे तोंड डावीकडे फिरे. म्हणून डाव्या हाताची पकड बदलून त्यांनी अंगठा काठीच्या बरोबर वरच्या बाजूस आणला. काठी मागे उचलल्यावर डावे मनगट ते किंचित मागे वाकवू लागले. बदल इतके सूक्ष्म, की पाहणाऱ्याच्या ध्यानातही येऊ नयेत. पण हाताची जुनी सवय सहजी सुटत नसते. सामना आटोपला की इतर खेळाडू विश्रांतीस जात. होगन मात्र सरावाच्या जागी चेंडूंमागून चेंडू मारीत राहत. १९४६ पासून मोठी विजेतेपदे त्यांच्याकडे चालत आली.

२ फेब्रुवारी १९४९ रोजी दाट धुक्यात एक बस त्यांच्या मोटारीवर आदळली. पत्नीस वाचविण्यासाठी होगन तिच्या अंगावर झेपावले. त्यांची अनेक हाडे मोडली. ते पुन्हा चालतील की नाही, याचीच शंका होती. तरी १९५० च्या जूनमध्ये, पायांना पट्ट्या बांधून, ते मेरियन येथे राष्ट्रीय खुल्या स्पर्धेत उतरले. चौथ्या फेरीच्या अखेरच्या होलपर्यंत पाय थकून गेले होते आणि अंतर फार लांबचे होते. त्यांनी काठी उचलली. चेंडू सरळ गेला. बरोबरी झाली व दुसऱ्या दिवशीच्या फेरीत ते विजयी झाले.

२५ जुलै १९९७ रोजी फोर्ट वर्थ येथे त्यांचे निधन झाले. स्पर्धा सोडल्यानंतरही कित्येक वर्षे ते तेथील मैदानावर एकटेच सराव करीत.