न फिटणारे ऋण

ख्रिस्ती श्रद्धेत देवाची कृपा ही कमाई मानलेली नाही. पुण्याच्या हिशेबावर ती मिळत नाही. जो तिला पात्र नाही त्यालाच ती लाभते. मग अशी कृपा लाभलेल्या माणसावर काही दायित्व उरते की नाही? ‘अमेझिंग ग्रेस’ या जगप्रसिद्ध स्तोत्राचा कर्ता जॉन न्यूटन याच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते. मात्र ते फार उशिरा सापडते.

न्यूटनचा जन्म १७२५ साली लंडनमध्ये झाला. धर्मनिष्ठ आई तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच वारली आणि अकराव्या वर्षी तो नाविक पित्याबरोबर समुद्रावर गेला. १७४४ मध्ये त्याला बळजबरीने आरमारात भरती करण्यात आले. तेथून पळण्याचा प्रयत्न फसला व फटके खावे लागले. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे त्याने उपासमार व अपमान सोसला. त्यातून सुटून मायदेशी परतत असता, मार्च १७४८ मध्ये, त्याचे ‘ग्रेहाउंड’ जहाज अटलांटिक महासागरातील भीषण वादळात सापडले. धर्माची टवाळी करणाऱ्या या तरुणाने त्या रात्री देवाची करुणा भाकली. जहाज कसेबसे आयर्लंडला लागले. तो दिवस न्यूटनने पुढे आयुष्यभर कृतज्ञतेने पाळला.

येथे चरित्र संपते तर ते सोयीचे झाले असते. परंतु १७५० ते १७५४ या काळात हाच न्यूटन गुलामवाहू जहाजांचा कप्तान होता. वर देवाची प्रार्थना चाले आणि खाली माणसे साखळदंडात जखडलेली असत. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तोही आजारामुळे.

१७६४ मध्ये तो ऑल्नी या गावी धर्मोपदेशक झाला. १७७३ च्या नववर्षदिनासाठी रचलेले ते स्तोत्र १७७९ मध्ये विल्यम कूपर या कवीबरोबरच्या संग्रहात प्रसिद्ध झाले. १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार राजकारण सोडण्याच्या विचारात त्याच्याकडे आला, तेव्हा संसदेतच राहून देवाची सेवा करण्याचा सल्ला त्याने दिला. अखेर १७८८ मध्ये न्यूटनने गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका लिहून आपल्या सहभागाची जाहीर कबुली दिली. डोळ्यांनी पाहिलेले क्रौर्य त्याने संसदेच्या समितीपुढेही सांगितले.

वादळापासून या कबुलीपर्यंत चाळीस वर्षे लोटली होती. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बेकायदा ठरवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूटन निवर्तला.

देवाच्या कृपेची परतफेड होऊ शकत नाही, ही त्याची श्रद्धा अखेरपर्यंत अढळ होती. परंतु देवाचे ऋण फिटत नाही म्हणून माणसांचे देणे माफ होत नाही, हे त्याला उतारवयात उमगले. स्तोत्र गाणे सोपे होते. साक्ष देणे कठीण होते. त्याच्या कृतज्ञतेला पूर्णता आली ती त्या साक्षीने.