शिष्यांनी सांभाळलेला गुरुपुत्र

पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांची बहुतेक अपत्ये बालपणीच दगावली. १९२१ साली जन्मलेले दत्तात्रेय, तथा बापूराव, तेवढे जगले. मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयाची वास्तू कर्जापायी लिलावात गेली. उत्तरायुष्यात पंडितजींचे वास्तव्य नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात होते. १९३१ साली ते निवर्तले, तेव्हा बापूराव अवघे दहा वर्षांचे होते. मागे संपत्ती उरली नव्हती.

मात्र पंडितजींनी अनेक गरीब मुलांना विद्यालयात ठेवून घेऊन, जेवूखाऊ घालून गाणे शिकवले होते. आता शिष्यच गुरुपुत्राच्या पाठीशी उभे राहिले. कुटुंबातील चिंतामणराव पलुसकरांसह विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्यांना आपुलकीने तालीम दिली. १९३५ साली, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात बापूराव गायले. ख्यालाइतकीच त्यांची भजनेही लोकप्रिय झाली. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटातील उस्ताद अमीर खाँ यांच्यासमवेतची त्यांची जुगलबंदी देशभर गाजली.

१९५५ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, आजारपणात त्यांचे निधन झाले. पंडितजींची वास्तू गेली. पण त्यांनी घडवलेल्या माणसांनी त्यांच्या मुलाला पोरके होऊ दिले नाही.