कर्नल रॉबर्ट शॉ

रॉबर्ट गूल्ड शॉ याचा जन्म १८३७ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी, एका धनाढ्य कुटुंबात झाला. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत लक्षावधी कृष्णवर्णी माणसे गुलामगिरीत खितपत पडली होती. गुरे विकावीत तशी त्यांची भर बाजारात विक्री होई. शॉचे आईवडील या अमानुष प्रथेचे कट्टर विरोधक होते.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटून निघाली आणि १८६१ साली यादवी युद्ध पेटले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या हाकेस ओ देऊन हजारो तरुण स्वयंसेवक म्हणून सैन्यात दाखल झाले. तेवीस वर्षांचा शॉ त्यांपैकीच एक होता. लवकरच तो पायदळात अधिकारी झाला.

१८६३ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर अँड्र्यू यांनी कृष्णवर्णी स्वयंसेवकांची पलटण उभारण्याचे ठरविले. तिचे नेतृत्व शॉने करावे, अशी त्यांची इच्छा होती. त्यांचे पत्र घेऊन शॉचे वडील स्वतः छावणीत गेले. परंतु शॉने प्रथम नकार दिला. जुन्या सोबत्यांना सोडणे त्याच्या जिवावर आले. शिवाय हे कार्य आपल्या हातून पार पडेल की नाही, अशी शंकाही त्याला वाटली. पुढे त्याने पुन्हा विचार केला आणि ती जबाबदारी पत्करली.

शॉची शिस्त मोठी कडक होती. आपले शिपाई कसे निपजतील, याविषयी आरंभी तोही साशंक होता. पण त्यांची चिकाटी पाहून त्याच्या मनात त्यांच्याविषयी आदर उत्पन्न झाला. लवकरच या आदराची कसोटी लागली. गोऱ्या शिपायास दरमहा १३ डॉलर वेतन मिळे. या पलटणीस मात्र १० डॉलर देऊ करण्यात आले आणि त्यांतूनही कपड्यांचे ३ डॉलर कापले जाणार होते. शिपायांनी ते वेतन नाकारले. शॉने त्यांची बाजू घेऊन गव्हर्नरांना पत्र लिहिले.

१८ जुलै १८६३ रोजी दक्षिण कॅरोलिनातील वॅग्नर किल्ल्यावर हल्ला झाला. आघाडीवर शॉची पलटण होती. समुद्र आणि दलदल यांमधील वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून, तोफांच्या भडिमारात, तिचे सुमारे ६०० वीर धावले. शॉ तटावर चढला आणि तेथेच गोळी लागून धारातीर्थी पडला. त्याचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. पलटणीतील पावणेतीनशेच्या आसपास शिपाई ठार, जखमी वा बेपत्ता झाले. सार्जंट विल्यम कार्नी याने घायाळ असूनही ध्वज खाली पडू दिला नाही.

किल्ला सर झाला नाही. पण या शिपायांच्या शौर्याविषयी कोणास शंका उरली नाही. १८६४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने समान वेतनाचा कायदा केला.

शॉचा अपमान व्हावा म्हणून शत्रूने त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. परंतु त्याच्या पित्याने मुलाचा देह तेथून हलवू दिला नाही. ज्यांच्यासमवेत तो लढला, त्यांच्या सहवासाइतकी पवित्र जागा दुसरी नाही, असे त्यांना वाटले. बोस्टनमध्ये १८९७ साली उभारलेल्या ब्राँझच्या स्मारकातही शॉ एकटा नाही. त्याचे शिपाई त्याच्याबरोबर चालत आहेत.