टोरोंटोचे पहिले महापौर फरार बंडखोर कसे झाले?

विल्यम लायन मॅकेन्झी १८३४ मध्ये टोरोंटोचे पहिले महापौर झाले. तीनच वर्षांत त्यांच्या डोक्यावर १,००० पौंडांचं इनाम होतं.

स्कॉटलंडहून आलेले मॅकेन्झी वृत्तपत्र चालवत. १८२६ मध्ये सत्ताधारी घराण्यांतल्या तरुणांनी त्यांचा छापखाना फोडून खिळे तलावात फेकले. गंमत म्हणजे कोर्टाने दिलेल्या ६२५ पौंडांच्या भरपाईवरच डबघाईला आलेलं वृत्तपत्र तरलं.

डिसेंबर १८३७ मधला त्यांचा उठाव काही दिवसांतच चिरडला गेला. ते अमेरिकेत पळाले, तिथे माणसं जमवली आणि नायगरा नदीतल्या नेव्ही बेटावर तळ ठोकला. रसद पुरवणारी ‘कॅरोलाइन’ बोट २९ डिसेंबरच्या रात्री कॅनडातल्या तुकडीने थेट अमेरिकी किनाऱ्यावर घुसून पेटवली. एक अमेरिकी ठार झाला. स्वसंरक्षणासाठी दुसऱ्या देशात घुसता येतं का, या वादात आजही याच घटनेचा दाखला देतात.

मॅकेन्झींना मात्र तटस्थता कायदा मोडल्याबद्दल अमेरिकेनेच तुरुंगात टाकलं. माफीनंतर १८५० मध्ये ते परतले आणि चक्क पुन्हा निवडून आले. १८६१ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांचे नातू मॅकेन्झी किंग पुढे २१ वर्षांहून अधिक काळ कॅनडाचे पंतप्रधान होते.